नळाला मोटर लावणाऱ्यांचं काय करायचं?

शेवटचा_नळ: जलजीवनमधून घरोघरी नळ आले, टाकी झाली, पण वरच्या आळीतले नळाला डायरेक्ट मोटर लावतात आणि आमच्या वस्तीवर करंगळीएवढी धार. पंचायतीत गेलं की म्हणतात आधी पाणीपट्टी भरा, लोक म्हणतात आधी पाणी द्या. पाणीपुरवठा समिती कागदावर, मेंबर कोण तेच ठाऊक नाही. त्यात आता गावाच्या विहिरीला खेटून एकजण बोअर मारतोय. सुरुवात कुठून करू?

व्हॉल्ववाला: वायरमनला गाठा. पाणी सोडायच्या टायमाला त्या आळीची लाईट बंद, टाकीतनं पाणी उतारानं येतं त्याला लाईट लागत नाही, मोटरीला लागते 😄 आमच्याकडे असंच मिटलं, आठवडाभर शिव्या खाल्ल्या तेवढ्याच.

पुरंदरकर: मोटर नंतर, आधी बोअर थांबवा. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही, 1993 पासून कायदा आहे. तहसीलला लेखी द्या, पोच घ्या. विहीरच आटली तर नळ काय शोभेला ठेवणार?

नगरी: हिवरे बाजार बघून या. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसं-जनावरं, मग शेती. शेतीसाठी बोअर बंद, उसालाही बंदी.

व्हॉल्ववाला: हिवरे बाजार सगळेच सांगतात हो, पण ते गाव घडवणारे पोपटराव पवार प्रत्येक गावाला कुठून आणायचे?

पुरंदरकर: माणूस नको, नियम आणा. 72 च्या दुष्काळानंतर आमच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत काढली, पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणशी. भूमिहीनालाही वाटा, म्हणून लोकांनी बंधनं पाळली. तुमच्या वस्तीला पाणी मिळत नसेल तर वस्ती पट्टी का भरेल? समितीत निम्म्या बायका असायला हव्यात, तुमच्या वस्तीवरची एखादी तरी घुसवा.

आशाताई_नगर: अन् स्वच्छतेचं कुणीच बोलत नाहीये. 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), पोतं उघडं पडलं असेल तर त्यात दम राहत नाही. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची, असलं तर पिवळं होतं) शेवटच्या नळावर घ्यायला लावा, टाकीजवळ सगळीकडेच पिवळं येतं.

शेवटचा_नळ: अर्ज उद्याच देतो. समितीची यादी 1 मेच्या ग्रामसभेत वाचायला लावणार. वायरमन मात्र वरच्या आळीतलाच आहे 🙄