'यंत्र आकडा देतं, मग इतिहासकार कशाला?' – एका पोस्टला उत्तर

रुमालवाला

परवा एका ग्रूपवर एक पोस्ट फिरत आली. सारांश असा: आता डीएनए आहे, कार्बन डेटिंग आहे, ग्रहताऱ्यांची सॉफ्टवेअर्स आहेत, तेव्हा पुण्यात बसून पिवळे कागद चिवडणाऱ्यांनी दुकान बंद करावं. विज्ञान एक आकडा देतं, इतिहासकार दहा मतं देतात. खाली वाहवांची रांग. तिथे बोलून उपयोग नव्हता, म्हणून इथे सविस्तर.

कुठला एक आकडा, ते सांगा. त्या पोस्टचा हुकमाचा एक्का राखीगढी होता, म्हणजे हरियाणातलं सिंधू संस्कृतीचं गाव, तर तेच घेऊ. सांगाड्यांचे साठेक नमुने तपासले, कामाचा डीएनए मिळाला एका बाईचा. सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या विज्ञान-नियतकालिकात निबंध आला: तिच्यात स्टेपमधल्या, म्हणजे मध्य आशियाकडच्या गवताळ पट्ट्यातल्या, पशुपालकांचा अंश सापडत नाही. त्याच दिवशी 'सायन्स'मध्ये पाचशेहून जास्त प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा निबंध आला, लेखकांची काही नावं दोन्हीकडे तीच. त्यात म्हटलंय की हा अंश उपखंडात इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास आला, म्हणजे ती बाई गेल्यावर काही शतकांनी. दोन्ही निबंध एकमेकांशी व्यवस्थित जुळतात. आणि पत्रकार परिषदेतून बातमी काय आली? बाहेरून कोणी आलंच नाही! ही भर घालायला जुन्या कागदांचे रुमाल (गठ्ठे) सोडणारा कुठलाही रुमालवाला लागला नाही, साहेब.

आता कार्बन डेटिंग, म्हणजे वस्तूत उरलेल्या कार्बन-१४ वरून तिचं वय काढणं. साधारण १६५० नंतरच्या वस्तूंना ते जवळजवळ निकामी आहे. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण त्या काळात इतकं वरखाली झालं, आणि पुढे दगडी कोळशाच्या धुराने इतकं पातळ झालं, की पेशवाईतला कागद प्रयोगशाळेत दिलात तर १६५० ते १९५० यांच्यामधलं काहीही हातात पडू शकतं. तो कागद अस्सल की बनावट, हे अक्षराचं वळण, कागदाचा पोत, जलचिन्ह, शिक्का, मायना यांवरून ठरतं. म्हणजे चिवडावाच लागतो.

गावठी_न्यूटन

राग पोचला. आता मुद्दा. आम्ही आकडा देतो तेव्हा त्यात चूक किती असू शकते तेही शेजारी लिहितो. इतिहासाच्या एका पुस्तकात हे दाखवा. तुमची मापं तीन: 'असावे', 'दिसते' आणि 'मानण्यास जागा आहे'.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी कसे विसरलात? मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला गणितज्ञ. जुनी आहत (चिन्हांचे ठसे मारलेली) नाणी तराजूत घातली. चलनात फिरून नाणं झिजतं, एवढ्या एका गोष्टीवरून संख्याशास्त्राने त्यांचा क्रम लावला. चिन्हांचे अर्थ लावत वाद घालणाऱ्यांना जे जमलं नाही ते तराजूने केलं. राखीगढीच्या पत्रकार परिषदेचं पाप डीएनएच्या माथी कशाला?

रुमालवाला

कोसंबी अर्धेच घेतलेत. याच माणसाने १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली, हस्तलिखितं ताडून, एकेक पाठभेद टिपून. संस्कृत येत होतं, पाली घरातच होती, पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घातल्या होत्या. तराजू सगळ्यांकडे असतो. आणि तुमचाच निकष लावायचा तर याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमानचं गृहीतक, म्हणजे गणितातलं एक प्रसिद्ध न सुटलेलं कोडं, सोडवल्याचं शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. ते गणितात कोणी मानलं नाही. तेव्हा आकडेवाल्याचा आकडा म्हणून डोळे मिटून घ्यायचा नसतो.

डॉक्टरीणबाई

दोघांनाही एक विचारते. वैद्यकाचा इतिहास कोणी लिहायचा? मी वाचलेल्या बऱ्याच लेखांत माधवराव पेशव्यांना 'क्षय' होता असं ठोकून दिलेलं असतं. राजयक्ष्मा म्हणून कागदात आहे, मान्य. पण कॉखला क्षयाचा जंतू दिसला १८८२ मध्ये, आणि माधवराव थेऊरला वारले १७७२ मध्ये. थुंकी नाही, एक्स-रे नाही, नुसत्या पत्रावरून निदान! माझ्या ज्युनियरने असं केलं तर वॉर्डातून हाकलीन.

दुसरं, मुल्कोवाल. १९०२, पंजाब. हाफकिनच्या प्लेगच्या लशीने १९ माणसं धनुर्वाताने मेली आणि खापर लस बनवणाऱ्या, मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेवर फुटलं. हाफकिनची नोकरी गेली. इतिहासवाले यावर लिहितात तेव्हा साम्राज्यवाद, तो ज्यू होता म्हणून, वगैरे. असेलही. पण निकाल लागला तो वासावरून. धनुर्वाताचा जंतू बाटलीत आधीपासून वाढत असता तर बूच काढल्याबरोबर घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला तो आला नव्हता. म्हणजे जंतू शिरला तो गावात, बाटली उघडताना. चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच पुन्हा वापरला. हे जंतुशास्त्र शिकलेल्यालाच कळतं.

रुमालवाला

आणि वास आला नव्हता, चिमटा पडला होता, हे आज तुम्हाला कशावरून कळलं? जबान्यांच्या कागदांवरून. मलेरियावाल्या रोनाल्ड रॉससारख्यांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू लावली ती त्याच कागदांच्या जोरावर. बाई, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

डॉक्टरीणबाई

मी कुणाच्या बाजूने नाही. कागद कोणीतरी जपला हे चांगलंच झालं. त्यातली कुठली ओळ महत्त्वाची हे मात्र मी सांगणार, तुम्ही नाही.

पाचव्या_वर्षाची_पीएचडी

इथे भांडताय ते सगळे पोटापाण्याला लागलेले दिसताय. मी सांगते संशोधन कसं होतं. विषय दोन विभागांमधला, इतिहास आणि वैद्यक. इतिहासवाले म्हणाले हा आमचा विषय नाही, सायन्सवाले म्हणाले हा विषयच नाही. एका दफ्तरखान्यात महिने घालवून साथीच्या वेळच्या खर्चाच्या याद्या उतरवल्या, मोडीतून. पहिला लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव गाइडचं. त्यांना मोडीतला 'श्री' ओळखता येत नाही. पुढच्या लेखासाठी एका नियतकालिकाने 'प्रक्रिया शुल्क' मागितलं, परीक्षण दोन दिवसांत करून देतो म्हणाले. दोन दिवसांत तर माझ्या याद्यांमधली औषधांची नावंही लागणार नाहीत. आधी हे सोडवा, मग यंत्र की कागद ते बघू.

गावठी_न्यूटन

गाइडचं वाईट वाटलं, पण तो या प्रश्नाचा भाग नाही. मी मुद्द्यावरच राहतो आणि पुरावा देतो. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी: शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. सगळे सांगतात १९ फेब्रुवारी १६३०. आत्ता पायथन या संगणकभाषेत तारीख टाकली. वार आला मंगळवार. तीन ओळींचा कोड. आता बोला! लोकमान्यांनी उजेडात आणलेली शकावली म्हणून तपासायचीच नाही का? हेच ते कागदवाल्यांचं 'मानण्यास जागा आहे'.

जंत्रीकाका

मंगळवार येणारच. तुमचं पायथन ग्रेगोरियन, म्हणजे आजचं, पंचांग मागे मागे ओढत नेतं. १९ फेब्रुवारी ही जुलियन, म्हणजे युरोपातल्या त्याआधीच्या पंचांगाची, तारीख आहे. ग्रेगोरियनमध्ये तो दिवस १ मार्च १६३०. ती घाला, शुक्रवार येतो की नाही सांगा. हस्त नक्षत्रही शकावलीत दिलंय, तेही एवीतेवी काढाच.

आणि हे नीट लिहून ठेवा, कारण दर फेब्रुवारीत कोणीतरी नवा हुशार हा शोध लावतो. पोर्तुगीज १५८२ पासून ग्रेगोरियनवर, इंग्रज १७५२ पर्यंत जुलियनवर. त्यामुळे शिवकालातल्या एकाच दिवसाला गोव्याच्या पत्रात एक तारीख आणि सुरतेच्या वखारीच्या पत्रात दहा दिवस मागची. शिवाय इंग्रजांचं साल बदलायचं २५ मार्चला. सुरतेची लूट जानेवारी १६६४ ची, वखारीच्या कागदावर साल १६६३. आपल्या कागदांत तर आणखी मजा: 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे शुहूर (मराठी दफ्तरांतली अरबी शब्दांची कालगणना) ११७६, म्हणजे इसवी १७७५-७६, आणि ते साल बदलतं मृगाला, सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा. याला तीन ओळींचा कोड पुरत नाही, भाऊ.

गावठी_न्यूटन

१ मार्च घातली. शुक्रवार आला. ठीक. म्हणजे तारीख छापताना 'जुलियन' हा एक शब्द लिहायचे कष्ट कागदवाल्यांनी घेतले नाहीत, आणि अडाणी मी. छान.

तिथीप्रेमी_सातारा

थांबा थांबा. म्हणजे जयंती १ मार्चला करायला सांगताय का आता? म्हणूनच आम्ही म्हणतो, तिथीनेच करा. जुलियन नको आणि ग्रेगोरियनही नको.

गावठी_न्यूटन

मी फक्त वार काढला हो.

सान_होझेकर

आमच्या मंडळात दर वर्षी हाच वाद. इथे तिथी कधीकधी भारताच्या आदल्या दिवशीच लागते, त्यात हॉल मिळतो शनिवारी. शेवटी जो शनिवार जवळचा तो.

तिथीप्रेमी_सातारा

परदेशात बसून शनिवार शोधणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

जंत्रीकाका

साताऱ्याचे साहेब, तिथी म्हणताय तर कुठल्या पंचांगाची? आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया होते. दिल्लीत बसून कोणी 'फाल्गुन कृष्ण तृतीया' शोधली तर एक महिना आधीचा दिवस हाती लागेल. तिथीसुद्धा वाचायला शिकावी लागते. आणि १६२७ ची वैशाख शुद्ध द्वितीया धरून आपल्याच आधीच्या पिढ्यांनी जयंत्या केल्या आहेत, तेव्हा जरा दमाने.

तिथीप्रेमी_सातारा

तुमच्यासारख्या दीडशहाण्यांमुळेच तरुण पोरं इतिहासापासून लांब पळतात.

डॉक्टरीणबाई

पोरं लांब पळत नाहीत, वरती एक पोरगी पाच वर्षं त्यातच बसली आहे आणि तिला एकानेही धड उत्तर दिलेलं नाही. औषधांच्या नावांचं म्हणालीस ते मला पाठव. 'मात्रा' लिहिलंय की 'काढा' एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. फक्त त्यावरून रोगाचं नाव मला विचारू नकोस, मी देणार नाही.

पाचव्या_वर्षाची_पीएचडी

पाठवते, ताई. रोगाचं नाव नकोच आहे. 'पटकी' लिहिलंय तिथे आजकाल सगळे सरसकट कॉलरा म्हणतात, तेवढं म्हणावं की नाही हे हवंय.

रुमालवाला

बघा, हा खरा प्रश्न. डीएनए काढायला हाडं नाहीत, कार्बन डेटिंगचा काळ नाही. मात्र किती माणसं, किती दिवसांत, पावसाच्या आधी की नंतर, हे खर्चाच्या याद्यांमधून निघतं. माझ्याकडे त्याच सालांची थोडी पत्रं उतरवलेली आहेत, ती देतो. न्यूटनसाहेब, तुमचं 'चूक किती' तुम्ही इथे लावून दाखवा.

गावठी_न्यूटन

एक प्रयोगशाळा बंद पाडायला निघाला होतात, आता फुकट गणित हवंय. लावतो. तिथ्या मला आकड्यांत द्या, मोडीत नको. इसवीत बदलायचा कोड मी लिहितो, जुलियन, शुहूर, मृग सगळं घालून. एकच अट. ज्या तिथीला वार जुळणार नाही, तिथे 'लेखकाचा हस्तदोष' म्हणून पळ काढायचा नाही.

जंत्रीकाका

वार जुळला नाही तर आधी कोड तपासायचा, मग कागद. मंगळवारचं आत्ताच झालंय.