टॉन्सिलमध्ये सारखे खडे होतात, मदत हवी आहे
वय ३४, टॉन्सिलच्या खाचांमध्ये पांढरे-पिवळे खडे परत परत होतात, ताप नाही, घसा दुखत नाही पण सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि तोंडाला इतका वास येतो की कोणाशी जवळून बोलायलाच नको वाटतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जीभ घासणं चालूच आहे, वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या बारीक धारेने दात साफ करायचं यंत्र) अगदी कमी प्रेशरवर मारला की वरचे निघतात, आतले तसेच. दात तपासलेत, कीड नाही. सिगारेट नाही. ईएनटी म्हणतात धोका काही नाही, हवं तर टॉन्सिल काढू, पण मोठेपणी या ऑपरेशनचं दुखणं जास्त असतं आणि ५ ते १० दिवसांनी खपली सुटताना रक्त येऊ शकतं त्याची खरंच भीती वाटते. कोणी टॉन्सिल न काढता लेझर किंवा कोब्लेशनने (रेडिओ लहरी वापरून कमी उष्णतेत ऊती काढायची पद्धत) नुसत्या खाचा बुजवून घेतल्यात का, आणि वर्षभरानंतर खडे परत आले का?