‘लॉर्ड’ हा दर्जा की संबोधन?

प्रश्न : इंग्रजी चरित्रांच्या मराठी अनुवादांत अर्लला कुठे उमराव, कुठे सरंजामदार, कुठे नुसतेच लॉर्ड म्हटलेले दिसते. योग्य काय? आणि ‘लेडी डायना’ की ‘लेडी स्पेन्सर’?

उत्तर : ‘लॉर्ड’ हे संबोधन आहे. दर्जे पाच, वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. खालच्या चौघांना ‘लॉर्ड अमुक’ म्हणता येते, ड्यूक मात्र ड्यूकच. सगळ्यांना मिळून ‘उमराव’ चालेल, पण ‘सरंजामदार’ नको. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल. इंग्रजी किताब राजाच्या सनदेने मिळतो, बहुधा थोरल्या मुलाकडे जातो आणि किताबातल्या गावाशी जमिनीचा संबंध असेलच असे नाही. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचा वाडा चॅट्सवर्थ डर्बीशायरमध्ये आहे! म्हणून ‘डेव्हनशायरचा ड्यूक’ असे मराठी करू नये, वाचक त्याला तिथला धनी समजतो.

पुरवणी : अर्ल हा शब्द सर्वांत जुना, 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या आधीचा, नॉर्स (जुनी स्कँडिनेव्हियन भाषा) ‘यार्ल’चा भाऊबंद. ड्यूक 1337 मध्ये आला (लॅटिन ‘डुक्स’, म्हणजे सेनानायक), मार्क्वेस 1385 मध्ये आणि व्हायकाउंट 1440 मध्ये. अर्लला स्त्रीलिंगी रूपच नाही, म्हणून त्याची बायको काउंटेस. इथे अनुवादक हमखास घसरतात: काउंटेस दिसली की नवऱ्याला काउंट करून टाकतात. इंग्लंडच्या किताबांत काउंट नाहीच.

उत्तर : आता लेडी. इथे सगळी मेख आहे ती पुढे नाव येते की किताब, यात. ड्यूक, मार्क्वेस आणि अर्ल यांच्या मुलींना स्वतःच्या नावाआधी ‘लेडी’ लागते. डायनाचे वडील 1975 मध्ये अर्ल स्पेन्सर झाले, तेव्हापासून ती लेडी डायना. त्याआधी नुसती ‘ऑनरेबल’ (उमराव घराण्यातल्या मुलांचे खालचे संबोधन). ‘लेडी स्पेन्सर’ म्हणजे अर्लची बायको. मुलग्यांचेही तसेच, फक्त अर्लच्या धाकट्यांना ‘लॉर्ड’ मिळत नाही. विन्स्टन चर्चिलचे वडील लॉर्ड रँडॉल्फ हे ड्यूक ऑफ मार्लबरो यांचे धाकटे चिरंजीव. कायद्याने ते सामान्य नागरिकच, म्हणून तर कॉमन्समध्ये (संसदेचे लोकनियुक्त सभागृह; उमरावांचे ते लॉर्ड्स) बसू शकले. त्यांना ‘लॉर्ड चर्चिल’ लिहिणे चूक. माउंटबॅटनही मार्क्वेसचे धाकटे पुत्र, म्हणून आधी ‘लॉर्ड लुई’. ‘लॉर्ड माउंटबॅटन’ झाले ते 1946 मध्ये स्वतः व्हायकाउंट झाल्यावर. त्याआधीच्या प्रसंगांत, म्हणजे महायुद्धाच्या वर्णनात, ‘लॉर्ड लुई’च हवे.

उत्तर : मुंबईचे उदाहरण तर रोजच्या वापरातले. 1819 ते 1827 चे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे धाकटे पुत्र, म्हणजे फक्त ‘ऑनरेबल’. 1853 ते 1860 चे गव्हर्नर मात्र खरेच लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचे पुतणे. कॉलेज काकांच्या नावाचे, एल्फिन्स्टन रोड स्टेशन (आता प्रभादेवी) पुतण्याच्या. मराठी लेखांत दोघांना सर्रास ‘लॉर्ड’ लावतात, तिथेच माणूस बदलतो.

प्रश्न : मग ‘सर’चे काय? सर जमशेटजी जीजीभॉय यांचा ‘सर’ पुढच्या पिढ्यांकडेही गेला.

उत्तर : कारण ते 1842 मध्ये नाइट झाले आणि 1857 मध्ये बॅरोनेट. नाइटचा ‘सर’ त्याच्याबरोबर संपतो. बॅरोनेटचा वंशपरंपरेने चालतो. तरी बॅरोनेट उमरावांत धरत नाहीत आणि त्या किताबावर लॉर्ड्स सभागृहात जागा मिळत नाही. नावात ‘बॅरन’सारखा ध्वनी आहे म्हणून त्याला ‘छोटा बॅरन’ करू नये. दोन्हींतही ‘सर’पुढे पहिले नाव हवेच: ‘सर विन्स्टन’ बरोबर, ‘सर चर्चिल’ चूक.