रीबूट न करता नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर रिसेट करायचंय, सल्ला द्या

मांजराकाठ:
लातूरला आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरमध्ये मेलॅनॉक्सचं कनेक्टएक्स-४ कार्ड आहे, दोन पोर्टचं. काल फ्लिंटनं (कार्डाच्या फ्लॅश मेमरीत इमेज लिहिणारं टूल) नवीन फर्मवेअर, म्हणजे कार्डातलं आतलं सॉफ्टवेअर, चढवलं, बर्न (लिहिणं) नीट झालं. पण कार्डाची माहिती दाखवणारी ‘ईथटूल -आय’ कमांड अजून जुनंच व्हर्जन दाखवतेय. रीबूट केलं की लागेल, पण एका एम.टेक.च्या मुलीचं सोयाबीनच्या पानांवरच्या रोगाचं मॉडेल सहा दिवसांपासून ट्रेन होतंय. तिचं काम मला मोडायचं नाही. फर्मवेअर रिसेट करणारं मेलॅनॉक्सचं टूल, एमएलएक्सएफडब्ल्यूरिसेट, वापरू का? एसआर-आयओव्हीच्या (एका कार्डाची अनेक आभासी कार्डं करायची सोय) सेटिंग उडतील का? आज रात्री औशाहून, घरूनच करायचा विचार आहे.

गोदाकाठचा:
घरून अजिबात करू नका. मी नांदेडला हीच चूक केली होती. एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) त्याच कार्डावरून चालू होतं. स्क्रीनवर ‘स्टॉपिंग ड्रायव्हर’ आलं आणि कर्सर तिथंच गोठला. कमांड टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू ठेवणारं टूल) नव्हती, त्यामुळं पुढं काय झालं ते सकाळी लॅब उघडल्यावरच कळलं. सर्व्हरसमोर बसा, नाहीतर बीएमसीच्या (सर्व्हरमधली देखरेखीची स्वतंत्र चिप) कन्सोलवरून करा. दोन्ही पोर्ट एकदम जातात, त्यामुळं दुसऱ्या पोर्टच्या भरवशावर राहू नका.

सेटिंगचं म्हणाल, तर ‘रिसेट’ या शब्दानं घाबरू नका. हे टूल काही पुसत नाही, फ्लॅशमध्ये चढलेलं फर्मवेअर कार्डाला नव्यानं लोड करायला लावतं. फॅक्टरी सेटिंगवर नेणारी कमांड वेगळी, ‘एमएलएक्सकॉन्फिग रिसेट’. ती चुकूनही देऊ नका. मात्र ड्रायव्हर उतरतो, म्हणून सिसएफएसमधून (लिनक्सच्या सेटिंगच्या फाइलींतून) बनवलेले व्हीएफ, म्हणजे ती आभासी कार्डं, जातात, ते परत बनवावे लागतात. एखादा व्हीएफ व्हीएमला (आभासी मशीनला) दिला असेल तर ती व्हीएम आधी बंद करा.

आधी ‘एमएसटी स्टार्ट’ (कार्डाशी बोलणारी मेलॅनॉक्सची सेवा चालू करते), मग एमएलएक्सएफडब्ल्यूरिसेटची ‘क्वेरी’ चालवा. रिसेटची कोणती लेव्हल चालेल ते ती सांगते. लेव्हल ३ म्हणजे ड्रायव्हर रीस्टार्ट आणि पीसीआय रिसेट, तुम्हाला तीच हवी. नुसती ४ दाखवली तर रीबूटशिवाय इलाज नाही.

आणि एक विचारतो, त्या मुलीचा डेटा सर्व्हरच्या डिस्कवर आहे का एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर? नेटवर्क गेल्यावर, माउंट (ती जोडणी) हार्ड असेल तर प्रोसेस थांबून वाट बघते. सॉफ्ट असेल तर एरर येऊन ट्रेनिंग मरू शकतं.

किल्लारीकर:
वरचं सगळं बरोबर. एमएफटी (मेलॅनॉक्सचा टूलसंच) टाकलेलं नसेल तर एमएसटीफ्लिंट पॅकेजमधलं एमएसटीएफडब्ल्यूरिसेट वापरा, त्याला एलएसपीसीआय कमांड दाखवते तो कार्डाचा पत्ता दिला की पुरतं. कार्ड सर्व्हर कंपनीच्या ब्रँडचं असेल तर पीएसआयडी (कार्डाच्या नेमक्या मॉडेलचा ओळख क्रमांक) जुळवूनच इमेज घ्या, आणि पुढच्या वेळी बर्न करण्याआधी ‘फ्लिंट आरआय’नं जुनी इमेज काढून ठेवा. बर्न चालू असताना लाईट गेली तर तीच कामाला येते. आमच्याकडं लाईटचा नेम नाही, मी यूपीएसची बॅटरी बघितल्याशिवाय बर्न करतच नाही.

मांजराकाठ:
गोदाकाठचा, तुम्ही विचारलं म्हणून बघितलं. डेटा एनएफएसवरच, आणि माउंट सॉफ्ट! घरून केलं असतं तर तिचं ट्रेनिंग मधेच मेलं असतं. तिच्याशी बोललो, चेकपॉइंट (तोवरच्या ट्रेनिंगची सेव्ह केलेली प्रत) दर इपॉकला, म्हणजे डेटाच्या दर फेरीला, पडतो म्हणाली. आज दुपारी तिलाच शेजारी बसवलं, तिनं ट्रेनिंग थांबवलं, माउंट काढला, मग लेव्हल ३ दिली. मिनिटभराच्या आत ईथटूलवर नवं व्हर्जन दिसलं. व्हीएफ गेले होते, परत बनवले. माउंट आता हार्ड केलाय, तिचं ट्रेनिंग शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा चालू आहे.