मदत हवी आहे: कानाने 'बा', डोळ्याने 'गा'

मंडळी, एमए सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टला मॅकगर्क इफेक्ट घेतलाय, १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्डने दाखवलेला, म्हणजे आवाज 'बा'चा आणि व्हिडिओतले ओठ 'गा'चे असं जोडलं की बऱ्याच जणांना तिसरंच 'डा' ऐकू येतं आणि डोळे मिटले की परत 'बा'. घरी ट्राय केलं तर आई म्हणते 'दा', बाबा म्हणतात 'डा'! इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच, मराठीत मी नोंदवू काय, दोन वेगळे कॉलम करू का? त्यात क्लिपमध्ये मागून लोकलचा भोंगा आलाय, तो ताप वेगळाच. दादर-परळकडे रविवारी तासभर कोणाची शांत खोली मिळेल का? आणि आवाज-ओठ जुळवायला फ्री सॉफ्टवेअर सांगा ना, ऑडॅसिटीत व्हिडिओ एडिट होत नाही.