सपाट पाय, वय सव्वासहा: व्यायाम करून घेऊ की वाट पाहू?

मुलगा ओल्या पायांनी फरशीवरून गेला की अख्ख्या पावलाचा ठसा उमटतो, मध्ये खाच अशी नाहीच. मागून पाहिलं तर घोटे आत झुकलेले. दुखतं का विचारलं तर नाही म्हणतो, पण जरा जास्त चाललो की 'उचलून घे' सुरू होतं आणि अधूनमधून रात्री पोटऱ्या चेपून द्याव्या लागतात.

हाडांच्या डॉक्टरांनी त्याला चवड्यांवर उभं केलं. कमान लगेच दिसली. म्हणाले, लवचीक सपाट पाय आहे, आठ-दहा वर्षांपर्यंत कमान आपोआप तयार होते, काही करू नका. दुसऱ्यांनी इनसोल लिहून दिले. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले: टाचांमध्ये छोटा चेंडू धरून चवड्यांवर उठणं, भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण आणि बोटं न मुडपता पाऊल आखडून कमान उचलणं. हा शेवटचा मलाच जमायला चार दिवस लागले, त्याला काय जमणार!

दोन महिने झाले. ठसा आहे तसाच. आणि उद्या कमान आलीच, तर ती व्यायामाने आली की वयाने, हे ओळखायचं कसं? रोजची रडारड कशासाठी करतोय तेच कळेनासं झालंय. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. ओळखता येणार नाही, हे खरं उत्तर. म्हणून ठसे मोजणं सोडा. व्यायामाने कमान 'घडते' असं मी कुणाला सांगत नाही. पायाची ताकद वाढते, दमणं कमी होतं. एका पायावर उभं राहून किती वेळा टाच उचलता येते ते मोजा आणि महिन्याने पुन्हा मोजा. इनसोलचंही तसंच: 1989 साली एक ते सहा वर्षांच्या मुलांवरचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खास बूट, इनसोल वापरलेल्यांत आणि न वापरलेल्यांत कमानीचा फरक दिसला नाही. दुखत असेल तर आराम म्हणून वापरावेत.

एक विचारते. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर, नडगीकडे नीट वळतं का? पोटरी आखडलेली असेल तर ताणाचा व्यायाम मात्र चुकवू नका. आणि एकच पाय सपाट असेल, पाऊल ताठ असेल किंवा चवड्यांवरही कमान दिसत नसेल, तर घरी व्यायाम करत न बसता पुन्हा दाखवा. कधी आतली हाडं जुळलेली असतात.

प्रतिसाद २
आमच्याकडे 'व्यायाम' हा शब्दच बंद केला. पायाच्या बोटांनी गोट्या उचलून डब्यात टाकायच्या, दात घासताना चवड्यांवर उभं राहायचं. घरात अनवाणी. 1992 च्या 2300 मुलांच्या पाहणीत बूट वापरणाऱ्यांमध्ये सपाट पाय जास्त आढळले होते, म्हणून तेवढं तरी. मुलगी आता नऊची. कमान थोडी आहे, थोडी नाही. पळते मात्र भरपूर.

मूळ प्रश्नकर्ती
आत्ताच पाहिलं. गुडघा सरळ ठेवला की पाऊल काटकोनापुढे जेमतेम जातं, गुडघा वाकवला की सहज जातं. म्हणजे पोटरीच ना? एका पायावर उजवीकडे सहा, डावीकडे चार वेळा टाच उचलली आणि मग पडून हसत सुटला. आकडे लिहून ठेवलेत. पोटरीचा ताण किती सेकंद धरायचा?

प्रतिसाद १
बहुधा पोटरीच, पण तुमच्या फिजिओंकडून खात्री करून घ्या. तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. टाच जमिनीला टेकलेली आणि पाऊल सरळ समोर हवं. पाऊल बाहेर वळलं तर ताण पोटरीला बसतच नाही, कमान मात्र आणखी दबते. मुलं नेमकं तेच करतात.