कामाच्या वेळी फोन, ग्रुप, हाका सगळं बंद ठेवावं का?

वेर्ण्याचा लॅबवाला: मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या खात्यात आहे. लॅबमध्ये मोबाईल न्यायला बंदी, लॉकरात ठेवायचा, आणि खरं सांगतो दिवसातलं माझं सगळ्यात नीट काम तिथेच होतं. बॅलन्सवर वजन घेतलं की त्याच मिनिटाला लॉगबुकात एन्ट्री, डोकं एका जागी. पण बाहेर डेस्कवर रिपोर्ट लिहायला बसलो की संपलंच, ग्रुपवर मेसेज, मग कुणाचा तरी फोन, मग शेजारचा "एक मिनिट रे" करत खुर्ची ओढतो, आणि संध्याकाळी कदंबाच्या बसमध्ये बसताना अंगात त्राण नसतं पण आज काय केलं म्हणून विचारलं तर सांगायला काही नाही. माझं मत, सकाळी दोन तास कुणी कुणाला हाक मारायची नाही, ग्रुप म्यूट. अमेरिकेत वैमानिकांना असा नियम १९८१ पासून आहे, दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेलं काही बोलायचंच नाही. मग आपल्याला काय हरकत?

कळंगुटची रिसेप्शन: दादा हे तुमच्या लॅबमध्ये ठीक. मी हॉटेलच्या रिसेप्शनला आहे, डिसेंबरात समोर रांग, एका कानाला फोन, मागून हाउसकीपिंगवाला विचारतोय २०४ नंबरची खोली रिकामी झाली का. ह्याला मी व्यत्यय म्हणत नाही, ह्याचाच पगार मिळतो. आणि नवीन आलेल्या पोरीला काही अडलं तर तिने दोन तास थांबायचं? ती चुकीचं बिल काढून मोकळी होईल. न विचारता केलेली चूक निस्तरायला जास्त वेळ जातो.

फोंड्याचा टॅक्सवाला: ताई, पण परदेशी गेस्टच्या माहितीचा सरकारी फॉर्म तुम्हालाच भरावा लागतो ना, २४ तासांच्या आत? पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर टाईप करताना कुणी मध्येच हाक मारली तर? तेवढी दहा मिनिटं तुम्हालाही हवीतच की. माझ्याकडे २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची धांदल असते, क्लायंटचा फोन बंद कसा ठेवणार. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळत राहतं आणि पुढच्या कामावर लक्ष लागत नाही. नंतर तिनेच उपायही तपासला, उठण्याआधी आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं ते लिहून ठेवायचं. मी फोन उचलण्याआधी पेन्सिलने लिहितो, "मार्चची क्रेडिट जुळवली, एप्रिलपासून बघ". फरक पडतो, खरंच पडतो.

म्हापशाहून घरून काम: तुम्ही सगळे बोजा नोकरी करणाऱ्यावरच टाकताय. नोटिफिकेशन बंद कर, चिठ्ठी लिही, अमुक कर. रात्री साडेदहाला मेसेज टाकणारा बॉस असतो, आणि उत्तर दिलं नाही तर सकाळी सगळ्यांसमोर विचारतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ ला आला, ड्युटीनंतर संपर्क तोडायचा हक्क. वरून नियम आल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं, माझं ह्यावर ठाम मत आहे.

मडगावचा दुकानदार: कायदा येईल तेव्हा येईल. आमच्याकडे दुपारी शटर खाली असतं, गिऱ्हाईकाला माहीत आहे, ते चारनंतर येतं. ह्याच्यावरून कुणी भांडायला आलेलं नाही. ठरलेली वेळ सगळ्यांना माहीत असली की लोक सांभाळून घेतात. तुमच्या ऑफिसात ती कुणी जाहीरच करत नाही, हाच घोळ आहे.

वेर्ण्याचा लॅबवाला: पटलं. दोन तास जास्त होतात, दहा ते अकरा धरूया. त्या तासात फोन आणि प्रश्न एकाने घ्यायचे, बाकीच्यांनी काम करायचं. सोमवारी मॅनेजरपुढे मांडतो, आणि रात्रीच्या मेसेजचंही त्यातच घालतो.

कळंगुटची रिसेप्शन: एक जण फोनवर बसणार असेल तर माझा विरोध नाही. फक्त ती पाळी दर दिवशी बदलायची हे लिहून घ्या, नाहीतर सगळ्यात नवीन पोरगी कायमची तिथे बसवतील.